अण्णांची लाल चिंधी

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं, ते नेलपॉलिश.

"अक्का, नखांचा जुना रंग असेल का तुमच्याकडे? घट्ट झालेला चालेल. पण लाल पाहिजे."

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या त्या जिममध्ये बायकांची दुपारची बॅच घ्यायला लागून मला चारच दिवस झाले होते. समोर साठी ओलांडलेले, बुटके गृहस्थ उभे. शर्टाच्या खिशात टॉर्च, पँटच्या खिशात पाना, नखांच्या कडांना कायमचं बसलेलं काळं ऑइल. हे नेलपॉलिशचं काय करणार, हे विचारायचा मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी बाटली नेऊन दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, "सरी", म्हणजे ठीक, असं म्हणाले, आणि एका बाकाखाली उताणे सरकून प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एकेक बारीक रेघ ओढली.

"रेघ मोडली की समजायचं नट फिरला," बाकाखालून आवाज आला. "रोज पाना लावत बसायला नको. नुसतं वाकून बघायचं."

पुढच्या पंधरा दिवसांत बॅचमधल्या सगळ्या बायकांनी घरातल्या वाळत आलेल्या बाटल्या आणून त्यांना दिल्या. आमच्या यंत्रांवर मरून, गुलाबी, विटकरी अशा रेघा दिसायला लागल्या. एकीने चमकीवाली आणली, तर ती त्यांनी परत केली. चमकीत रेघ नीट दिसत नाही म्हणाले.

सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही. त्यांचं घराणं महाराष्ट्रातून इतक्या पिढ्यांपूर्वी आलेलं, की मूळ गाव कोणतं हे त्यांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात निम्मी कन्नड मिसळलेली, आणि मध्येच "मज", "तुम्हांस" असं काहीतरी जुनं. मी लग्न होऊन सोलापूरहून बेंगळुरूला आलेले. जिममध्ये आपल्या भाषेत बोलणारं माणूस आहे याचा मला फार आनंद झाला होता. तो आनंद आठवडाभर टिकला. कारण अण्णा मराठीत बोलायचे खरे, पण बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगायचे, आणि ती मात्र कन्नडमध्ये. "बेडा." म्हणजे नको.

ते यंत्र आज बेडा, अक्का. त्या दांडीला हात बेडा. ओला टॉवेल लोखंडावर बेडा.

एका कारखान्याच्या तपासणी खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती. तयार होऊन आलेल्या भागांतले खराब भाग बाजूला काढायचे, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर आमच्या मालकांच्या वडिलांच्या ओळखीने ते जिमची देखभाल बघायला आले, आणि तिथेही त्यांनी तेच चालू ठेवलं. सकाळी पुरुषांची बॅच यायच्या आधी आणि दुपारी आमच्या आधी त्यांची एक फेरी व्हायची. वजनं ज्या दांड्यांवरून वरखाली सरकतात त्या कोरड्या फडक्याने पुसायचे. दांड्यांना ग्रीस लावलेलं त्यांना खपायचं नाही, ग्रीसला धूळ चिकटते आणि वजन अडकतं. पुलीवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावायचे आणि दुसऱ्या हाताने पुली हळूहळू फिरवायचे. आणि शेवटी कापूस. पोलादी तारांच्या केबलवरून कापसाचा बोळा वरपासून खालपर्यंत फिरवायचा. आतली एखादी बारीक तार तुटून टोक वर आलं असेल, तर कापसाचे धागे तिथे अडकतात. डोळ्यांना दिसत नाही ते कापसाला कळतं, असं ते म्हणायचे.

नमस्कार, कसे आहात, असलं काही नाही. मी जिन्यावरून वर आले की पहिला प्रश्न, "काल शेवटी कोण होतं? कॉलर काढून कुठे ठेवली?" कॉलर म्हणजे दांडीवरच्या चकत्या निसटू नयेत म्हणून लावायची कडी. चकत्या काढताना एक इकडची, एक तिकडची, असं आलटून पालटून काढायचं, हे त्यांनी बॅचमधल्या प्रत्येक बाईकडून पहिल्या दिवशी तीनदा म्हणवून घेतलं होतं. सकाळच्या बॅचमधल्या एका धिप्पाड माणसाने एकदा एकाच बाजूच्या सगळ्या चकत्या काढल्या. दांडी उलटली आणि भिंतीवरचा आरसा फुटला. मालक आरशाकडे बघून कपाळावर हात मारत होते, तेव्हा अण्णा दांडी जमिनीवर लोळवून ती वाकली का हे बघत होते. वाकली होती, सुताएवढी. त्यांनी ती त्याच सकाळी करवतीने कापून दोन तुकडे केले, म्हणजे पुन्हा कोणी उचलायलाच नको.

जे यंत्र त्यांना पसंत नसे त्यावर ते लाल चिंधी बांधायचे. बायकोच्या जुन्या लुगड्याच्या त्या चिंध्या होत्या.

मालक तरुण होते, वाईट नव्हते. इंदिरानगरला एसी असलेली, गाणी लावणारी नवी जिम निघाली होती, तिकडे आपली माणसं जातील याचा त्यांनी धसका घेतला होता. म्हणून त्यांनी एक मोठं यंत्र आणलं, चार बाजूंनी चार माणसं बसतील असं. उद्घाटनाला एका बड्या पाहुण्यांना बोलावलं. यंत्राला झेंडूचा हार घातला. पाहुणे जिना चढत असताना अण्णा यंत्राखालून बाहेर आले आणि त्यांनी हाराच्या शेजारीच लाल चिंधी बांधली.

"वेल्डिंगला तडा आहे," ते म्हणाले.

मालक दात ओठ खात कन्नडमध्ये म्हणाले, "अण्णा, दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं."

पाहुणे आलेच. यंत्राकडे निघाले, तर अण्णा हात जोडून त्यांच्या आणि सीटच्या मध्ये उभे. "फोटो उभ्याने काढा, सर. छान येईल. बसू बेडा."

फोटो उभ्यानेच निघाला. वेल्डर आला, त्याने त्या जागी पुन्हा वेल्डिंग केलं, आणि जाताना मला म्हणाला की तडा कसला, रंगाचा ओरखडा होता. अण्णा म्हणाले तडाच होता. खरं काय ते मला आजही माहीत नाही. पण तेव्हा मी वेल्डरचं खरं मानलं, हे सांगायला हवं. कारण त्या दिवसापासून प्रत्येक चिंधी बघताना मला तो ओरखडा आठवायचा.

तसं बघितलं तर मी अण्णांना कंटाळले होते. आमच्या बॅचला नऊ बायका आणि पाच यंत्रं. घरची कामं उरकून, सासूला कॉफी देऊन, मुलांना शेजारी ठेवून त्या दीड तास काढून यायच्या, आणि पाचांतल्या दोनांवर चिंध्या. एकदा पुली कुरकुरते म्हणून. एकदा सीट हलते म्हणून, ती मला तरी हलताना दिसली नव्हती. एकदा किती वजन उचलायचं ते ठरवणारी पिन हरवली आणि कोणीतरी खिळा घातला म्हणून सबंध आठवडा. बायका माझ्याकडे तक्रार करायच्या, मी अण्णांकडे, अण्णा म्हणायचे, "स्वल्प थांबा. होईल." भांडायलाही जागा नसायची. ते कधी चिडायचे नाहीत, आणि ऐकायचेही नाहीत.

त्या महिन्यात लॅट मशीनवर चिंधी लागली. या यंत्रात डोक्यावरची दांडी दोन्ही हातांनी छातीपर्यंत ओढायची असते, दांडीला केबल, केबलला मागची वजनं. बायकांचं ते सर्वांत आवडतं यंत्र, कारण त्याने पाठ मोकळी होते. अण्णांच्या कापसाचे धागे वरच्या पुलीजवळ अडकले होते. इथल्या शिवाजीनगरला त्यांच्या ओळखीच्या दुकानात केबल मिळायची, पण दुकान सणासाठी दोन दिवस बंद. त्यातच त्यांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं.

"परवा येतो, केबल घेऊनच," ते म्हणाले. "तोवर बेडा."

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेलेली. पंखे बंद, सगळ्या घामाघूम. एका यंत्रापुढे चौघी ओळीत उभ्या. आमच्यात एक शाळेत शिकवणारी होती, तिला आम्ही टीचर म्हणायचो. ती शाळा सुटली की तशीच यायची, दिवसभर फळ्यावर लिहून तिचा खांदा धरायचा. ती खांदा दाबत भिंतीला टेकून उभी राहिली, एवढंच. मी लॅट मशीनपाशी गेले. केबलवरून हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. दांडी दोनदा ओढून बघितली. वजन छान वर गेलं, छान खाली आलं.

मी चिंधी सोडली, घडी करून खिडकीत ठेवली आणि म्हणाले, "या टीचर, बसा."

तिसऱ्या की चौथ्या खेपेला केबल तुटली. आवाज फार मोठा नव्हता. मागे वजनं आदळली त्याचा मोठा होता. दांडी तिने सगळ्या जोराने खाली ओढलेली, ती तिच्या तोंडावर आली आणि ती सीटवरून मागे उजव्या खांद्यावर पडली. समोरचे दोन दात गेले. खांद्याचं हाड मोडलं. रिक्षात ती माझ्या मांडीवर होती आणि हाताने खुणा करून सारखं काहीतरी सांगत होती. बऱ्याच वेळाने मला कळलं की ती माझी साडी खराब होते म्हणून माफी मागत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा केबलचं वेटोळं खांद्याला अडकवून आले. मी जिन्याशीच उभी होते. रात्रभर मी वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. ते मशीनपाशी जाऊन बसले, केबलची दोन्ही टोकं हातात घेऊन टॉर्चने बघितली.

"चिंधी?"

"मी काढली," मी म्हणाले.

त्यांनी टॉर्च विझवून खिशात ठेवला. ते ओरडतील, मालकांना बोलावतील, माझं तोंडही बघणार नाहीत, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. कोणीतरी चार शब्द बोललं असतं तर बरं झालं असतं.

"चिंधी सुटते," ते शेवटी म्हणाले. "ती कोणालाही सोडता येते. मी केबल उतरवून ठेवून जायचं. दहा मिनिटांचं काम होतं. दवाखान्यात जायची घाई होती, म्हणून चिंधी बांधून गेलो. तीस वर्षं कारखान्यात पोरांस शिकवलं, खराब माल बाजूला ठेवू नका, मोडून टाका. आणि मीच बाजूला ठेवून गेलो."

"अण्णा, मी काढली चिंधी. तुम्ही काय म्हणून?"

"तुम्ही काढली ते आहेच," ते म्हणाले. "ते कुठे जातंय?"

मालकांनी दुपारी आम्हां दोघांना बसवलं. त्यांचाही चेहरा उतरलेला होता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की टीचरने हिसका दिला, वजन झेपत नसताना जास्त लावलं, असं सगळ्यांनी सांगायचं. नाहीतर जिम बंद पडेल. मी मान खाली घालून बसले होते. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही, आणि हे लिहितानाही मला स्वतःचा वीट येतो.

अण्णा उठले. "दहा किलो होतं," ते म्हणाले. "पिन अजून दहावरच आहे." मग माझ्याकडे वळून, "चला अक्का. तिला सांगून येऊ."

मला जायचं नव्हतं. पाय ओढत गेले. टीचरचं घर जवळच होतं. खोलीत ती उशांना टेकून बसलेली, तोंड सुजलेलं, हात गळ्यात. तिची आई बाजूला. अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. उभ्याउभ्याच कन्नडमध्ये म्हणाले, केबल खराब झालेली होती. मला माहीत होतं. ती उतरवून ठेवायला पाहिजे होती, मी ठेवली नाही. तुमचं काही चुकलं नाही.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मला बोलायला किती वेळ लागला कोण जाणे. चिंधी मी सोडली, असं मी सांगितलं. माझं कन्नड बेताचं, त्यातून रडू यायला लागलेलं, त्यामुळे ते मला दोनदा सांगावं लागलं.

टीचरने डोळे मिटले. आई म्हणाली, "काल मालकांचा माणूस आला होता. म्हणाला, हिनेच हिसका दिला. काल संध्याकाळपासून ही तेच विचारतेय मला डाव्या हाताने लिहून लिहून, आई, मी काय चुकीचं केलं?" मग ती उठली, आत गेली, आणि आमच्यासाठी पाणी घेऊन आली. मी भांडं तसंच हातात धरून राहिले. अण्णा मात्र पूर्ण प्यायले, भांडं खाली ठेवलं, आणि म्हणाले, "येतो."

जिम काही बंद पडली नाही. टीचरच्या घरच्यांनी तक्रारसुद्धा केली नाही. पण अण्णांनी जाऊन सगळं सांगितलं हे मालकांना पटलं नाही, आणि त्यांनी अण्णांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मला ठेवलं. बायकांची बॅच घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. मीही राहिले. राजीनामा द्यावा असं चार दिवस वाटलं, मग वाटेनासं झालं.

शेवटच्या दिवशी अण्णांनी नवी केबल बसवली. मालक दारात उभे राहून म्हणत होते, राहू दे अण्णा, माणूस बोलावलाय. अण्णांनी क्लॅम्प आवळले, कापूस फिरवला, हात पुसले, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि जिना उतरून गेले.

महिनाभराने मी त्यांच्या घरी गेले, शिवाजीनगरच्या मागच्या बाजूला. परत या, मालकांशी मी बोलते, असं सांगायचं होतं. त्यांच्या बायकोने दार उघडलं. डोळ्यावर अजून काळा चष्मा. मला बसवलं आणि अण्णा बाहेर येईपर्यंत तिने त्यांच्याबद्दलचं सगळं गाऱ्हाणं सांगून टाकलं.

"कुकरची रबर रोज ताणून बघतात. पंख्यावर चढतात या वयात. भावाच्या मुलीच्या लग्नात मांडवाचे खांब हलवत बसले, भटजी थांबलेले! आता दिवसभर घरातच. मज तर जीव नको झालाय, अक्का. तुम्ही घेऊनच जा त्यांना."

अण्णा बाहेर आले. महिन्याभरात खूप वाळले होते. माझं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बेडा," ते म्हणाले. आणि मग, माझ्याशी ते कधी बोलले नव्हते इतकं बोलले. "मज थकवा आलाय, अक्का. आयुष्यभर लोकांस नको म्हणत आलो. कारखान्यात माझ्या टेबलाशी कोणी जेवायला बसत नसे. मी दिसलो की लोकांच्या कपाळावर आठी. मी म्हणायचो, असू दे, त्यांचे हातपाय तर शाबूत आहेत. आणि एकदाच मला घाई होती." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "तुम्ही बॅचला किती वाजता जाता?"

"चारला बॅच. पावणेचारला जाते."

"सव्वातीनला जा."

मी सव्वातीनला जायला लागले. कापूस, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर. पुलीतून काय ऐकू यायला पाहिजे हे कळायला मला वर्ष लागलं. ते अंगवळणी पडलं, पण मला कधी आवडलं नाही. बायका वैतागायच्या. "आता हेही बंद का?" असं त्या माझ्याकडे बघून विचारायच्या, आणि मला उत्तर द्यायचाही कंटाळा यायचा. काही बायका इंदिरानगरला निघून गेल्या. नवरा म्हणायचा, घरातही तू आजकाल फार नको नको करतेस.

अपघातानंतर आठ महिन्यांनी एका दुपारी टीचर जिना चढून आली. दात नवे बसवलेले होते, त्यामुळे हसणं थोडं वेगळं दिसत होतं. बॅचमधल्या सगळ्याजणींनी व्यायाम थांबवला. ती सरळ लॅट मशीनपाशी गेली आणि कन्नडमध्ये मला विचारलं, "बघितलंय?"

"आजच बघितलंय," मी म्हणाले. "तीनदा."

ती बसली. हात वर नेऊन दांडी धरायला तिला बराच वेळ लागला. बोटं दांडीला लागली की ती मागे घ्यायची. मग तिने दांडी धरली आणि दहा वेळा ओढली. मी तिच्या मागे हात पुढे करून उभी होते, पण माझ्या हातांचा काही उपयोग नव्हता हे आम्हां दोघींनाही माहीत होतं.

बॅच सुटल्यावर मी खालच्या दुकानातून फोन लावला. अण्णांकडे फोन नव्हता, शेजारच्या बाईंचा नंबर होता. त्यांनी अण्णांना हाक मारून आणलं.

"अण्णा, टीचर आली होती आज. लॅट मशीनवर बसली."

"किती लावलं?"

"दहा किलो. दहा वेळा ओढलं."

पलीकडे काहीच ऐकू येईना. मी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला आणि शेजारच्या बाई घाबऱ्या घाबऱ्या म्हणाल्या, "ते फोन तसाच ठेवून घरी गेले हो. डोळे पुसत गेले. काय झालं? कोणी वारलं का?"

"नाही," मी म्हणाले. "कोणाला काही झालेलं नाही."